लेब्रॉनला अनावृत पत्र: करीम अब्दुल-जब्बार यांच्या स्तंभलेखनाचं एक प्रकरण

24 डिसेंबर 2021 रोजी बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्सने इन्स्टाग्रामवर एक मीम टाकलं. तीन स्पायडरमॅन एकमेकांकडे बोट दाखवताहेत, एकावर ‘कोविड’ लिहिलंय, दुसऱ्यावर ‘सर्दी’, तिसऱ्यावर ‘फ्लू’. खाली लेब्रॉनचे शब्द एवढेच, की मंडळी, जरा मदत करा. त्याला तेव्हा तिथे दहा कोटींहून अधिक लोक फॉलो करत होते. अमेरिकेत ओमायक्रॉनची लाट चढत होती. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे सामने पुढे ढकलले जात होते आणि संघ पूर्ण करण्यासाठी दहा-दहा दिवसांच्या करारावर खेळाडू आणले जात होते.

काही दिवसांतच करीम अब्दुल-जब्बार यांनी सबस्टॅक या वार्तापत्रांच्या संकेतस्थळावरच्या आपल्या वार्तापत्रातून लेब्रॉनला अनावृत पत्र लिहिलं. तुझं मीम नुकसान करणारं आहे, हा त्याचा गाभा. एनबीएच्या इतिहासात सर्वाधिक गुण ज्यांच्या नावावर होते, त्या 74 वर्षांच्या माणसाने तो विक्रम मोडायला निघालेल्या खेळाडूला चारचौघांत सुनावलं होतं. बातमी व्हायला एवढं पुरेसं होतं आणि ती झालीही. पण लेख म्हणून हे पत्र किती उतरलं, याची चर्चा फारशी झाली नाही. एक बाजू म्हणाली, करीम खरं तेच बोलले. दुसरी म्हणाली, म्हातारा जळतोय. मला हे प्रकरण तिसऱ्या बाजूने तपासायचं आहे. पत्रातला मुद्दा बरोबर होता असं मी मानतो. तरीही करीम यांच्या दर्जाच्या स्तंभलेखकासाठी ते कच्चं लेखन होतं, आणि ते कच्चं का राहिलं याचं उत्तर त्यांच्याच इतर लेखांत सापडतं.

लिहिणारा माणूस

निवृत्त खेळाडूचा स्तंभ म्हटलं की आपल्याकडे पहिली शंका येते ती शब्दांकनाची. क्रिकेटपटूंच्या नावावर छापून येणारे कितीतरी लेख प्रत्यक्षात कुणा वार्ताहराने फोनवर ऐकून लिहिलेले असतात, हे वाचकालाही ठाऊक असतं. त्याला सन्माननीय अपवादही आहेत. सुनील गावसकर यांची लेखणी आपण वर्षानुवर्षं वाचतो आहोत, आणि संदीप पाटील यांनी तर ‘एकच षटकार’सारख्या मराठी क्रीडा पाक्षिकाचं संपादन केलं. करीम या अपवादांच्या रांगेतले आहेत. पुस्तकांसाठी त्यांनी सहलेखकांची मदत घेतली, पण लिहिण्याची ओढ त्यांची स्वतःची आणि बास्केटबॉलमधल्या कीर्तीइतकीच जुनी आहे.

1964 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये ते एका युवक प्रकल्पाच्या पत्रकारिता कार्यशाळेत काम करत होते. वय 17, नाव तेव्हा लू अल्सिंडर. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्रकार परिषदेत या पोराने वार्ताहर म्हणून प्रश्न विचारला. त्याच जुलैमध्ये एका पंधरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला पोलिसाने गोळी घातली आणि हार्लेम पेटलं. भुयारी रेल्वेतून वर येताच लू त्या दंगलीत सापडला, आणि पुढे कार्यशाळेच्या साप्ताहिकासाठी त्याने तिचं वार्तांकन केलं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे: यूसीएलए या लॉस एंजेलिसमधल्या विद्यापीठात प्रशिक्षक जॉन वुडन यांच्या हाताखाली सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदं, मिलवॉकी बक्स आणि लॉस एंजेलिस लेकर्स मिळून एनबीएचे 20 हंगाम, सहा अजिंक्यपदं, सहा वेळा सर्वोत्तम खेळाडूचा मान आणि 38,387 गुण. या काळात पत्रकारांशी मात्र ते तुटक वागत. लॉकर रूममध्ये प्रश्नांना एका शब्दात उत्तर देणारा, वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसणारा खेळाडू अशी त्यांची ख्याती होती.

निवृत्तीनंतर हाच माणूस ‘टाइम’, ‘गार्डियन’, ‘हॉलिवूड रिपोर्टर’ अशा ठिकाणी नियमित लिहू लागला. लॉस एंजेलिस प्रेस क्लबने उत्कृष्ट स्तंभलेखक म्हणून त्यांचा गौरव केला. तेव्हा त्यांच्या लेखावर टीका करायची, तर ‘खेळाडूने खेळावं, लिहिण्याच्या फंदात पडू नये’ हा पवित्रा बाद ठरतो. त्यांना व्यावसायिक लेखकाच्या मापाने मोजलं पाहिजे, आणि ते मोजमाप सहन करण्याइतकं त्यांचं काम भक्कम आहे.

जिथे स्तंभ उभा राहतो

एप्रिल 2014. एनबीएतल्या लॉस एंजेलिस क्लिपर्स संघाचे मालक डोनाल्ड स्टर्लिंग यांची वर्णद्वेषी बडबड ध्वनिमुद्रणातून बाहेर आली. सगळा देश निषेधात गुंतला असताना करीम यांनी ‘टाइम’मध्ये लिहिलं, की आता बोट नाचवणाऱ्यांना इतकी वर्षं काय झालं होतं? स्टर्लिंग यांच्यावर घरं भाड्याने देताना कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कुटुंबांना डावलल्याचे आरोप होते. 2009 मध्ये त्यांनी 27 लाख डॉलर्सहून जास्त रक्कम मोजून सरकारी खटला मिटवला होता. हे सगळं सार्वजनिक होतं आणि तेव्हा कुणी ओरडलं नव्हतं. त्या लेखात करीम आणखी एक गोष्ट सांगतात, जी दुसरा कुणी सांगू शकत नव्हता. 2000 साली त्यांनी तीन महिने क्लिपर्समध्ये प्रशिक्षक म्हणून काम केलं होतं. मालक त्यांच्याशी गोड वागले, मुलीच्या लग्नाचं आमंत्रणही दिलं. एवढ्या एका तपशिलाने लेखाचं वजन बदलतं. वर्णद्वेष्टा माणूस समोर आला तर आपण ओळखूच, अशी खात्री वाचकाच्या मनात असते. त्याच्याकडे नोकरी केलेला करीमसारखा माणूस सांगतो, की मला तेव्हा काही दिसलं नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘जॅकोबिन’ या डाव्या विचाराच्या नियतकालिकात त्यांनी महाविद्यालयीन खेळाडूंना मोबदला आणि संघटनेचा हक्क मिळावा म्हणून लेख लिहिला. स्वतःचे यूसीएलएचे दिवस त्यात आले: संघ गर्दी खेचतोय, विद्यापीठ कमावतंय, आणि देशातला सर्वांत गाजलेला महाविद्यालयीन खेळाडू खिशात दमडी नसलेला. नाव आणि प्रतिमेतून कमाई करण्याची मुभा या खेळाडूंना जुलै 2021 मध्ये मिळाली. एका लेखाने हे घडलं असा दावा मी करणार नाही. पण त्या वादात आकडेवारी सगळ्यांकडे होती, आणि तो अनुभव त्या उंचीवरून सांगणारे फार थोडे होते.

डिसेंबर 2020 मधला आरोग्यविषयक लेख मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण मीमच्या पत्राशी त्याची थेट तुलना होते. विषय होता कृष्णवर्णीय अमेरिकनांना मिळणारी दुय्यम वैद्यकीय सेवा. करीम यांनी त्यात आपल्याला प्रोस्टेटचा कर्करोग झाल्याचं पहिल्यांदा जाहीर केलं. ल्युकेमिया आणि हृदयशस्त्रक्रिया लोकांना आधीच माहीत होत्या. आपण वाचलो त्यात पैशाचा आणि प्रसिद्धीचा वाटा आहे, एनबीएचा दिग्गज आपल्या देखरेखीखाली मेला असं कुणाही डॉक्टरला नको असतं, असं त्यांनी सरळ लिहिलं. मग प्रश्न आला, की ज्याच्याकडे हे कवच नाही त्याचं काय? त्या लेखात ते कुणावर डाफरत नाहीत. तरी वाचक बेचैन होतो.

मीमचं पत्र

आता डिसेंबर 2021 कडे येऊ. पत्राचा मजकूर थोडक्यात असा: कोविड, सर्दी आणि फ्लू एकाच पंक्तीत बसवणं अज्ञान आहे. तज्ज्ञांच्या मते कोविड फ्लूच्या किमान दहा पट प्राणघातक आहे. लेब्रॉन हा कृष्णवर्णीय समाजातला नेता आहे, त्याचा शब्द लोक मानतात, आणि अशा पोस्टमुळे लशीबद्दलची टाळाटाळ वाढते. त्याच्या मोलाच्या कार्याला या पोस्टने धक्का बसला आहे.

यातलं जवळपास सगळं मला मान्य आहे. कोविडने कृष्णवर्णीय वस्त्यांना जास्त झोडपलं होतं. करीम यांनी जानेवारी 2021 मध्ये एनबीएच्या जाहिरातीसाठी कॅमेऱ्यासमोर लस घेतली होती, म्हणजे ते ऐनवेळी उपदेशाला उभे राहिलेले नव्हते. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत लेब्रॉनने आपण लस घेतल्याचं सांगितलं, पण इतरांना घ्या म्हणायला नकार दिला, कारण हा ज्याच्या त्याच्या शरीराचा प्रश्न आहे. करीम यांनी तेव्हाही त्याच्यावर टीका केली होती. लशीबाबत खोटं बोलल्याबद्दल अमेरिकन फुटबॉलमधला आरॉन रॉजर्स त्यांच्या तडाख्यात सापडला होता. त्यामुळे लेब्रॉनला मुद्दाम एकटं पाडलं, हा आरोप टिकत नाही.

मग कच्चं काय? पहिली गोष्ट, या पत्रातून करीम यांचं नाव काढून टाका आणि एखाद्या वैद्यकीय वार्ताहराचं घाला. फारसा फरक पडत नाही. तीन आजारांतला फरक, मृत्यूंचं प्रमाण, प्रभावशाली व्यक्तींची जबाबदारी हे सगळं त्या आठवड्यात कितीतरी पत्रकार लिहू शकत होते. ज्या माणसाने वर्षभरापूर्वी स्वतःचा कर्करोग उघड करून वाचकाला हलवलं होतं, तो माणूस या पत्रात मला फार कमी दिसतो. दिसतो तो पदावरून बोलणारा ज्येष्ठ.

दुसरी गोष्ट मला जास्त गंभीर वाटते. मीम टाकण्याच्या साधारण साडेतीन आठवडे आधी, 30 नोव्हेंबरला, लेब्रॉनला कोविडच्या नियमांखाली सामन्यातून बाहेर काढण्यात आलं होतं. नंतरच्या चाचण्या निगेटिव्ह आल्या आणि 2 डिसेंबरला त्याला परत खेळण्याची मुभा मिळाली. तो चिडला होता, गोंधळला होता, काहीतरी काळंबेरं आहे असं जाहीरपणे म्हणाला होता. त्याचं मीम या रागातून आलं की नाही, मी सांगू शकत नाही. पण चुकीच्या निदानामुळे मैदानाबाहेर बसवलेल्या खेळाडूच्या डोक्यात काय चालतं, हे समजून घ्यायला करीम यांच्यापेक्षा योग्य लेखक कोण होता? वीस वर्षं त्यांनी व्यावसायिक खेळ जगला. संघाचा डॉक्टर नेमका कुणाची बाजू सांभाळतो आणि खेळाडूचा वैद्यकीय यंत्रणेवरचा विश्वास कसा ढासळतो, हे ते आतून लिहू शकले असते. त्यातून लशीबद्दलच्या संशयाची मुळं उलगडली असती, आणि तोच लेख लेब्रॉनच्या चाहत्यांपर्यंतही पोहोचला असता.

तिसरी गोष्ट लेखनप्रकाराची. अनावृत पत्र वरवर एका माणसाला लिहिलेलं असतं, वाचायचं असतं इतरांनी. ज्याच्याशी आपली ओळख नाही अशा सत्ताधाऱ्याला ते शोभतं. करीम आणि लेब्रॉन एकाच संघाच्या, लेकर्सच्या, इतिहासातले. करीम यांची जर्सी लेकर्सच्या मैदानावर टांगलेली आहे. एक फोन करणं त्यांना अशक्य नव्हतं. लेब्रॉनची बाजू विचारून, ती लेखात घालून, मग त्याला खोडून काढलं असतं तर लेख दुप्पट धारदार झाला असता. मोठ्या नियतकालिकात संपादक निदान विचारतो, की समोरच्याशी बोललात का? स्वतःच्या वार्तापत्रात हा प्रश्न विचारायला कुणी बांधील नसतं.

28 डिसेंबरला ह्यूस्टनविरुद्धच्या सामन्यानंतर वार्ताहरांनी लेब्रॉनला छेडलं. करीमना माझ्याकडे काही उत्तर नाही, असं तो म्हणाला. आपण खरोखर मदतच मागत होतो आणि लोक फ्लूला विसरूनच गेले आहेत, असंही त्याने सांगितलं. त्याचं हे स्पष्टीकरण मला लंगडं वाटतं. एवढ्या मोठ्या मंचावरून विचारलेला प्रश्न हा नुसता प्रश्न राहत नाही. पण पत्राने संवाद सुरू केला नाही, हेही तितकंच खरं.

विल्टची सावली

या प्रकरणाला एक जुना पदर आहे, आणि तो करीम यांनी स्वतःच छापून ठेवला आहे. 5 एप्रिल 1984 रोजी लास वेगासमध्ये युटा जॅझविरुद्ध ‘स्काय हुक’ हा आपला ठेवणीतला फटका मारून त्यांनी विल्ट चेंबरलेनचा 31,419 गुणांचा विक्रम मागे टाकला. हार्लेममधल्या पोरसवदा लूला विल्टने जवळ केलं होतं. पुढे मात्र विल्ट करीम यांच्या खेळावर जाहीर शेरे मारत राहिले. करीम यांनी 1990 च्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात विल्टला उत्तर दिलं, तेही अनावृत पत्राने. त्यात विल्टचं आडनाव मुद्दाम विटंबून लिहिलेलं आहे, आणि भाषा इतकी कडवट आहे की आज वाचताना अंगावर येते. निवृत्त विक्रमवीराने बाहेर बसून चालू खेळाडूला उणंदुणं काढत राहावं, याचा त्यांना किती मनस्ताप झाला होता हे त्या पानांत उघड दिसतं.

म्हणजे लेब्रॉनच्या जागी बसल्यावर कसं वाटतं, हे जगात ज्या एका माणसाला नेमकं माहीत होतं, तोच आता पत्र लिहीत होता. करीम यांनी विल्टसारखी मत्सराची टीका केली, असं मी म्हणत नाही. विल्ट खेळावर घसरत होते, करीम सार्वजनिक आरोग्यावर बोलत होते. पण तो अनुभव पत्रात उतरला असता, तर ‘म्हातारा जळतोय’ म्हणणाऱ्यांची तोंडं पहिल्या परिच्छेदातच बंद झाली असती.

उलट करीम यांनी या मंडळींना दारूगोळाच पुरवला. नोव्हेंबर 2021 मध्ये इंडियानाविरुद्ध निर्णायक फेक टाकल्यावर लेब्रॉनने अश्लील हावभावांचा नाच केला आणि लीगने त्याला 15,000 डॉलर्सचा दंड ठोठावला. करीम यांनी त्याची बालिश म्हणून हजेरी घेतली. जिंकणं पुरेसं असतं, हा त्यांचा सूर. लशीचा मुद्दा जिवाचा होता, नाचाचा मुद्दा शिष्टाचाराचा. दोन्हीला एकच आवाज लावल्यावर पहिल्याचं गांभीर्य कमी होतं. स्तंभलेखकाने आपला राग कुठे खर्चायचा हे ठरवावं लागतं, आणि इथे करीम यांचा हिशोब चुकला.

3 एप्रिल 2022 रोजी तर तो पुरता बिघडला. करीम यांच्याच नावाचा सामाजिक न्यायाचा पुरस्कार लेकर्सचा तेव्हाचा खेळाडू कार्मेलो अँथनीला देण्यासाठी ते लेकर्सच्या सामन्याला आले होते. वार्ताहरांशी बोलताना ते म्हणाले, की लेब्रॉनने केलेल्या आणि बोललेल्या काही गोष्टी त्याला शोभत नाहीत, तो कुंपणाच्या दोन्ही बाजूंना उभा राहतो. कोणत्या गोष्टी, कोणतं कुंपण, याचा नीट उलगडा झालाच नाही. सत्कार अँथनीचा, मथळे लेब्रॉनचे. लगेच पुढच्या दिवसांत करीम यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली. ती त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल होती, आणि योग्यच होती. लेखात निदान पुरावा द्यावा लागतो. तोंडी शेऱ्यात तेवढंही बंधन उरलं नव्हतं.

त्याच ऑक्टोबरात लेब्रॉनला विचारलं गेलं, की करीम यांच्याबद्दल काय वाटतं? काहीच वाटत नाही, आणि आमचं काही नातंही नाही, असं त्याचं उत्तर होतं.

8 फेब्रुवारी 2023

आदल्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये ओक्लाहोमा सिटीविरुद्ध तिसऱ्या सत्राच्या शेवटी लेब्रॉनने मागे झुकत चेंडू फेकला आणि जवळजवळ 39 वर्षांचा विक्रम पडला. करीम मैदानालगत बसले होते. खेळ थांबला, त्यांनी उठून चेंडू लेब्रॉनच्या हाती दिला. लेब्रॉनने प्रेक्षकांना सांगितलं, की कॅप्टनसाठी, म्हणजे करीम यांच्यासाठी, उभं राहून टाळ्या वाजवा.

दुसऱ्या दिवशी करीम यांनी वार्तापत्रात जो लेख लिहिला, तो माझ्या मते त्यांच्या क्रीडालेखनातला सर्वोत्तम आहे. विक्रम गेल्याचं दुःख नाही हे त्यांनी असं मांडलं: मला 39 वर्षांपूर्वी एक अब्ज डॉलर्सची लॉटरी लागली होती, आता दुसऱ्या कुणाला दोन अब्जांची लागली, तर माझं काय कमी झालं? मग ते विल्टकडे वळतात. आपण विक्रम मोडला तेव्हा विल्टला ते खुपलं होतं आणि तशी भावना आपल्या मनात लेब्रॉनबद्दल नाही, असं ते लिहितात. आणि ज्याची अपेक्षा कुणी केली नव्हती तेही लिहितात: आमच्यात जो दुरावा आहे त्याचा दोष माझ्याकडे आहे. त्याच्यावर केवढं ओझं होतं हे मला कळत होतं, मी पुढे होऊन ते थोडं हलकं करू शकलो असतो.

हे वाचताना डिसेंबर 2021 च्या पत्रात नेमकं काय हुकलं होतं ते लख्ख दिसतं. इथे एकही वाक्य दुसऱ्या कुणाला लिहिता आलं नसतं. शिखरावरचा एकटेपणा, आधीच्या विक्रमवीराची सल, तरुण खेळाडूला आधार न दिल्याची खंत, या सगळ्याचा साक्षीदार एकच होता आणि त्याने साक्ष दिली. लेब्रॉनवर टीका न केल्यामुळे हा लेख चांगला झाला, असं मात्र कुणी समजू नये. करीम यांनी पुढेही टीका करावी, कडक करावी. लशीबद्दलचं त्यांचं म्हणणं मागे घेण्यासारखं नव्हतंच. माझी तक्रार एवढीच आहे, की 2023 चा हा लेखक 2021 मध्येही उपलब्ध होता, आणि त्याला बाजूला सारून एका उपदेशकाने लेखणी घेतली.

त्यांच्याकडून एक स्तंभ अजून हवा आहे. करीम 42 व्या वर्षापर्यंत एनबीएत खेळले. 1989 च्या अंतिम मालिकेत ते निम्म्या वयाच्या पोरांना भिडत होते, आणि विल्टसह कितीतरी जण त्यांना थांबायचा सल्ला देत होते. लेब्रॉन चाळिशी ओलांडूनही मैदानावर आहे आणि तेच सल्ले आता त्याच्या कानावर पडताहेत. शरीर ऐकेनासं होतं तेव्हा खेळाडू कशाच्या बळावर उतरतो, कधी थांबायचं हे त्याला कोण सांगतं आणि तो कुणाचं ऐकतो, यावर करीम यांनी लेब्रॉनला खुशाल आणखी एक अनावृत पत्र लिहावं. या वेळी त्याला आधी फोन करून.